माग विकल्यावर

भंगारवाल्यानं आठ मागांचे पैसे मोजले
त्या संध्याकाळी भरमाण्णा म्हणाले,
वाटून घ्यायच्या आधी यातनं चार दिवस बाजूला काढूया.
पैसे म्हणायचं असेल त्यांना. दिवस म्हणाले.

म्हणून वडगावच्या बोळातनं आम्ही नऊजण
इराप्पाच्या क्रूझरमध्ये,
मांडीवर डबे, पायाशी पाण्याचा कॅन,
शशिकलानं घेतलेला कुंद्याचा पुडा
पिरनवाडीच्या आतच संपला.

सगळे ओरडूनच बोलत होते.
तीस वर्षं खटखटीच्या वर आवाज चढवायची सवय,
ती काय एका पहाटेत उतरते?
इराप्पा म्हणाला, "वो मामा, मी हितंच हाय की."

जांबोटीच्या पुढं झाडं रस्त्यावर वाकली
आणि लुमाण्णा एकदम ताठ बसला.
"मेन स्विच बंद केला का कुणी?"
हसलं कुणी नाही.
इराप्पानं ब्रेकवर पाय ठेवून आरशातनं बघितलं.
शेवटी मीच म्हटलं, "केलाय."
हेस्कॉमचा माणूस मीटरच काढून घेऊन गेला होता
त्याला आठवडा झाला.

कणकुंबीला देवळाच्या कुंडाशी उतरलो.
फुलं विकणारी बाई सांगत होती,
मलप्रभा हितनं निघते, उगवतीला जाते,
आणि त्या पलीकडच्या उतारावरचं पाणी मावळतीला.
गंगव्वानं दोन्हीकडं बोट करून बघितलं.
एक पोरगा जमखंडीकडं, साखर कारखान्यात,
एक मडगावला हॉटेलात.
मग पदराचं टोक कुंडात भिजवून तोंड पुसलं
आणि म्हणाली, चला, उन्हं चढूलालीत.

चोर्ल्याच्या वळणांवर नेमू तीनदा ओकला.
चौथ्यांदा गाडी थांबवली तर नुसताच उभा राहिला,
खाली ढग होते, म्हणून.
पाट्यांवरची अक्षरं बदलली, डिझेलचा भाव बदलला,
इराप्पा तेवढाच खूश.

काणकोणच्या खाली समुद्र एकदम जवळ आला.
मी कांड्या भरणारी बाई,
माझी नजर आधी सुटलेलं टोक शोधते.
लाट यायची, उलगडायची, टोक काही हाती येईना.
भरमाण्णा गुडघाभर पाण्यात, धोतर खोचून,
बऱ्या कानानं ऐकत राहिले बराच वेळ,
मग मागं वळून ओरडले,
"सगळे माग चालूलालेत गा! आणि मालक कुठं दिसंना!"

रात्री माजाळीला वाळूत बसलो.
लाटांच्या आवाजात बोलणं ऐकू येईना
आणि सगळ्यांना एकदम हलकं वाटलं.
ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही,
शेडमधल्यासारखं.
नेमूनं एक चावट गोष्ट सांगितली तशीच,
बाजूच्या टेबलावरच्या लोकांना कळेना
ही माणसं कशाला हसूलालीत.
शशिकला माझ्या समोर होती.
तिनं ओठांनी सांगितलं, मी काजूच्या फॅक्टरीत नाव घातलंय,
सोमवारपासनं.
तिच्या बाजूला बसलेल्यांना ते दिसलं नाही.
मी मान हलवली. बोटांनी विचारलं, किती?
तिनं वाळूत आकडा काढला, आणि पुसला.

तिसरा दिवस मला नीट आठवत नाही.
कारवारात मासे खाल्ले, पाय भाजले,
लुमाण्णानं नातवाला प्लास्टिकची होडी घेतली.

परतताना अणशीच्या जंगलात कुणीच बोलेना.
रामनगर, लोंढा, अंगावर एकमेकांची डोकी,
खानापुरात कुंभाराकडं गंगव्वानं दोन मडकी घेतली
आणि घरापर्यंत लेकरासारखी धरून बसली.

वडगावात शिरलो तेव्हा दहा वाजून गेले होते.
शेजारच्या गल्लीत माग चालू होते,
आम्ही सगळ्यांनी आपोआप आवाज चढवला.
लुमाण्णा आधी उतरला.
शेडचं दार उघडून आत गेला, मोबाईलची बॅटरी लावून.
आम्हाला खटका ऐकू आला.
वर एकदा. खाली एकदा.
इराप्पा म्हणाला, "हिशेब उद्या करूया, उतरा की आता."
भरमाण्णांनी त्याच्याकडं बघून कानाला हात लावला,
ऐकू येत नाही म्हणाले,
आणि सीटवरच बसून राहिले.